घाटी म्हणायचं कुणी

परवा जेवताना आमच्याकडे चांगलीच जुंपली. माझी नात इंदूरहून सुट्टीला आली आहे. ती जेवताना गाणी ऐकते आणि बोलताना हात हलवते, त्यामुळे तिच्याशेजारी आमटीची वाटी ठेवायची सोय नाही. तिच्या त्या परदेशी गाण्यांत म्हणे एक शब्द सारखा येतो. तिकडचे काळे लोक एकमेकांना तो मजेनं म्हणतात, मिठी मारताना म्हणतात. आणि तोच गोऱ्यानं म्हटला की आग लागते. जावईबापू म्हणाले, "ये क्या बात हुई? एकाला चालतो तर सगळ्यांना चालला पाहिजे, नाहीतर कुणालाच नको." नात म्हणाली, "पप्पा, आपको समझेगा नहीं." झालं. भात गार झाला, ताक आंबलं, पण दोघं काही हटेनात. मी आपली भरीत-भाकरी खात गप्प बसले होते. शेवटी नात म्हणाली, "आजी, तू बोल ना कुछ तो." मी म्हटलं, बाई गं, या भांडणापायी मी एक भरलेली पंगत उठताना पाहिली आहे. तुमचं नुसतं ताकच गेलंय.

आमचे बाबा माण तालुक्यातले. पाऊस रुसलेला, जमीन खडकाळ, भाऊ पुष्कळ. कुणीतरी सांगितलं की मध्य प्रदेशात कागदाच्या मिलमध्ये माणसं घेतात, तर हे पठ्ठे वळकटी घेऊन निघाले. बुऱ्हाणपूरच्या पुढं जंगलाच्या कडेला ती मिल, आणि मिलच्या भोवती कॉलनी. आमचा सगळा जन्म त्या कॉलनीत भोंग्यावर चालला. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की डबा, भोंगा झाला की आई म्हणणार, "आले बघ, चहा टाक." हवेत बांबू शिजल्याचा असा काही आंबट वास असायचा की पाहुणे आले की पहिल्या दिवशी नाकाला पदर लावत. आम्हाला तो कळतसुद्धा नसे. उलट सुट्टीत गावाला गेलो की मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आमच्या वह्या म्हणजे मिलच्या कागदाच्या कडा कापून आईनं सुईदोऱ्यानं शिवलेल्या. शाई त्यावर अशी पसरे की माझं अक्षर आजतागायत फुगलेलं आहे.

बाबा नवे होते तेव्हाची एक गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की मी स्वतः तिथं हजर होते असं मला वाटतं. त्यांच्या पाळीवर एक मुकादम होता. तो यांना नावानं कधी हाकच मारत नसे. "ए घाटी, इधर आ. ए घाटी, पाना ला." घाटावरून आलेला म्हणून घाटी, पण तो म्हणायचा असा की ऐकणाऱ्याला आपल्या अंगाला घाण लागल्यासारखं वाटावं. बाबांनी पुष्कळ दिवस गिळलं. एक दिवस मशीनवर कागद तुटला आणि भळाभळा जमिनीवर यायला लागला. मुकादम ओरडतोय, "घाटी! ए घाटी!" आणि बाबा हाताची घडी घालून शांत उभे. कागद गुडघ्यापर्यंत आला, कंबरेपर्यंत आला. शेवटी तो माणूस बोंबलला, "अरे सखाराम, मेरे बाप!" तेव्हा यांनी मशीन थांबवली. त्यापायी त्यांना घरी बसवलं होतं काही दिवस. आई सांगायची, त्या दिवसांत ते एकदाही वाकडं बोलले नाहीत, फक्त अंगणात बसून दोरी वळत राहायचे.

आणि गंमत बघा, हाच शब्द घरात दिवसभर! "घाट्या, मीठ सरकव." "या घाटणीला कुणीतरी वेणी घाला रे." उन्हाळ्यात कांदा-लसणाचा मसाला कुटायचा बेत असला की सगळी कॉलनी खोकायची. आई उखळापाशी तोंडाला फडकं बांधून बसलेली आणि बाबा खाटेवरून हुकूम सोडताहेत, "अजून मिरची घाल! घाट्याच्या पोटाला काय होतंय!" रविवारी त्यांचे सातारा-सांगलीकडचे सोबती रस्सा ओरपायला जमत. त्या बैठकीला त्यांनी घाटी दरबार असं नावच दिलं होतं. शेजारी यावलच्या नानी राहायच्या. त्या कुंपणावरून विचारत, "काय करून राहिले रे घाट्यांनो? एवढा वास कशाचा?" आणि बाबा खदखदून हसत. एकदा मी विचारलं, नानी तर खानदेशी, त्या कशा म्हणतात मग? बाबा म्हणाले, "तुझ्या जन्माच्या वेळी तिनं तुझ्या आईचे पाय चेपलेत. तिला मुभा आहे." पण समोरच्या क्वार्टरमधल्या हिंदीवाल्या बाबूनं एकदा हसत हसत तेच म्हटलं तर बाबांनी हातातला पत्ता खाली ठेवला आणि खेळ मोडला. तो बिचारा महिनाभर विचारत फिरला, काय चुकलं म्हणून. कायदा असा सगळा बाबांच्या डोक्यात होता, आणि आम्हाला तो चेहरा बघून ओळखावा लागे. आता खरं सांगायचं तर आम्ही तरी काय कमी होतो? माझी आत्या त्या हिंदीवाल्यांना सर्रास रांगडे म्हणायची, आणि ते प्रेमानं म्हणते असा तिचाही दावा नव्हता.

या आमच्या घरात ऊर्मिलाबाई आल्या त्या डब्यामुळं. कॉलनीच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या, रोज बुऱ्हाणपूरच्या लालबागहून शटल गाडीनं येत. वडील रेल्वेत, मूळ घर सागरकडचं. दुपारी त्या एकट्याच वर्गात बसून पराठा खात, ते आईला मी सांगितलं. आई म्हणाली, "एकटीनं खाल्लेलं अंगी लागत नाही, घेऊन ये." पहिल्या दिवशी रश्श्याच्या एका घासानं त्यांचे कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तरी म्हणतात, "आंटीजी, थोडा और." बाबा खूश! "पोरगी दमाची आहे," म्हणाले. मग रोजचंच झालं. त्या आईकडून भाकरी थापायला शिकल्या, मराठी शिकल्या, मला काजबटण शिकवलं. आमचा मोहनदादा, जो दुपारी कधी घरी फिरकत नसे, त्याला एकाएकी दुपारचं पोटात दुखायला लागलं. रोज. आई एकदा ओवा देऊन बघायची आणि एकदा ऊर्मिलाबाईंकडे बघायची. तिनंच शेवटी बाबांच्या कानावर घातलं.

बाबांनी आठ-दहा दिवस घेतले. मग म्हणाले, "पोरगी सोन्यासारखी आहे. घरचे कसे वागवतात बघू. मान राखला तर माझी ना नाही." मान राखला तर. हे एवढंच त्यांचं मागणं होतं, ना हुंडा ना पोशाख. आत्या गावाहून येऊन रडून गेली, "रांगड्यांची सून!" म्हणून. पण दादा हटला नाही, आणि लग्न ठरलं. लालबागला, दिवसाउजेडी, आमच्या पद्धतीनं मुहूर्तावर अक्षता आणि त्यांच्या पद्धतीनं मग फेरे.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यांच्याकडे गारी गातात. वऱ्हाड जेवायला बसलं की मुलीकडच्या बायका पडद्याआडून गाण्यात शिव्या घालतात, नावं घेऊन घेऊन. व्याह्याला, मामाला, आत्याला, कुणाला सोडत नाहीत. ज्याला शिवी मिळाली नाही तो उलट रुसतो, की मला सोयरा धरलं नाही. आणि चांगली गारी तीच, जिच्यात घरातलं काहीतरी नेमकं पकडलेलं असतं, म्हणून गाणाऱ्या आधी खोदून खोदून चौकशी करतात. ऊर्मिलाबाईंनी हे सगळं दादाला आधीच सांगून ठेवलं होतं, घरी नीट समजावून सांगा म्हणून. आणि आमच्या शूरवीरानं ते बाबांना सांगितलं का? छे! "हसण्यावारी जाईल," असं मनाशी म्हणून त्यानं ते गिळून टाकलं. तोंड उघडायच्या वेळी आमच्या दादाच्या दातांना कुलूप बसतं, हे मी त्याच्या तोंडावरही सांगत आले आहे.

मांडव काय सुंदर घातला होता! दाराशी जवळच्या निंबोला गावाहून आणलेले केळीचे खांब, घडांसकट. कढईत मावा-जिलबी, म्हणजे तिकडची खव्याची जिलबी, उकळत्या तुपात हवी तशी काळीशार होत होती आणि तिचा वास रस्त्यापर्यंत. दादा तिकडं जानवशात मुंडावळ्या बांधून घेत होता. आम्ही वऱ्हाडी सतरंजीवर ओळीनं बसलो, पत्रावळी पडल्या, पुऱ्या आल्या, भोपळ्याची भाजी आली, बुंदीचं रायतं आलं. बाबा ओळीच्या सुरुवातीला, फेटा बांधून, थोडे अवघडलेले आणि आनंदी. त्यांनी पुरी मोडली. तेवढ्यात पडद्याआड ढोलकीवर थाप पडली आणि एक खणखणीत म्हातारा आवाज उठला:

"समधी आए घाट उतर के, फेंटे में मिर्ची बाँध के,
घाटी समधी, घाटी समधी, पूड़ी देखें आँख फाड़ के!"

आणि मागून पन्नास बायका, "घाटी समधी, घाटी समधी!" बांगड्या वाजताहेत, हसू फुटतंय. मला तर इतकी मजा वाटली की मी ताल धरला. मग आईनं माझा हात घट्ट दाबला. मी बाबांकडं पाहिलं. मोडलेली पुरी तशीच हातात, आणि चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलेलं. त्यांनी पुरी पानात ठेवली, पाण्याचा पेला घेऊन हातावर पाणी ओतलं आणि उठून उभे राहिले.

वडीलधारा उठला की पंगत उठते. सतरंजीवरून एकेक करून सगळे उठले. आत्या तर वाटच बघत होती. "उठा रे, उठा! म्हणून सांगत होते, रांगड्यांच्या दारचं अन्न नको!" ढोलकी थांबली. मुलीचे वडील वाढण्याची परात हातात घेऊन धावत आले. "समधीजी, कुछ कमी रह गई क्या?"

"कमी नहीं," बाबा म्हणाले. "जास्ती हो गया."

मग जो काही गलका झाला! त्यांच्याकडचा एक काका म्हणे, मजाक है, रिवाज है. आमच्याकडचे म्हणे, हा कुठला रिवाज, दारात बोलावून जात काढायची? त्यांच्यातला एक तरणा म्हणाला, "आप लोग तो ख़ुद दिनभर घाटी-घाटी करते हो, तब बुरा नहीं लगता?" आमच्यातला म्हणाला, "माझ्या आईला मी म्हातारी म्हणेन, तू म्हणून बघ!" भटजी मध्येच घड्याळ नाचवत होते. जानवशातून दादा धावत आला, एक मुंडावळी कानावर लोंबतेय आणि पायात एकच बूट. त्या बुटाकडे बघून मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, कारण बाबा आईला म्हणत होते, "चल. मोहनला यायचं तर येईल, राहायचं तर राहील. मी नाही थांबत."

तेव्हा पडदा बाजूला सारून दादी आली. ऊर्मिलाबाईंची आजी, वाळलेली, ताठ, नाकात चमकी. तिचाही पारा चढलेला. "गारी सगों को देते हैं, भैया. परायों को कौन गाता है? उनको तो बस परोस देते हैं. सबसे पहले तुमाओ नाम लिया, और तुमने थाली ठुकरा दी?"

बाबांचं हिंदी राग आला की आणखीच मराठी व्हायचं. "अम्मा, मेरेको भी नाम है. मशीन पे मेरा नाम किसीने नहीं लिया, यही शब्द लिया. मैंने उसके वास्ते नोकरी दावपे लगायी. अब मेरे लडके के लग्न में पन्नास बाई लोग ढोलक पे वही बोलेंगे?"

दादी गोंधळली. तिनं मागं वळून पाहिलं. आणि त्या बायकांच्या गर्दीतून ऊर्मिलाबाई बाहेर आल्या. हळदीनं पिवळ्या, एका डोळ्यात काजळ घातलेलं, एक डोळा कोरा; मागून दोघीजणी पदर ओढताहेत. त्या थेट बाबांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि मराठीत बोलल्या, त्यांच्या त्या हिंदी वळणाच्या मराठीत.

"शब्द मी दिला बाबा. दादीनं विचारलं, तुझ्या सासरचे एकमेकांना लाडानं काय बोलतात. मी जे घरात ऐकून राहिले, ते सांगून दिलं. मला वाटलं तुम्ही खूश होणार."

"आम्ही म्हणतो ते निराळं, पोरी," बाबा म्हणाले. आवाज उतरला होता.

"माहीत आहे. मग मी कधीपासून म्हणायचं?" त्यांची नजर हलली नाही. "फेरे झाल्यावर? की पोरं झाल्यावर? की म्हातारी झाल्यावर? सांगून द्या, तोपर्यंत मी तोंड नाही उघडणार."

कढईतली जिलबी करपत होती, तिचा आचारी आमच्याकडे तोंड करून उभा. मी आज इतक्या वर्षांनी सांगते, मला त्या क्षणी दादाच्या लग्नाचं काही वाटत नव्हतं. ही बाई उद्यापासून आमच्या घरी जेवायला येणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाबा तिच्याकडं बघत राहिले, त्या कोऱ्या डोळ्याकडं. मग दादीकडं वळले.

"अम्मा, फिरसे गाओ. मैं खाता हूँ. लेकिन इसका नाम डालके गाओ. सगा बोलते हो ना? तो घाटी पहले अपनी लडकी को बोलो."

"हओ, उसमें का है," दादी फणकाऱ्यानं म्हणाली. एकीनं ढोलकी ओढली. दादीनं सूर लावायला तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही. पुन्हा उघडलं. ज्या तोंडानं मघाशी मांडव दणाणून सोडला होता, त्यातून एवढंच निघालं, "हमाई बिटिया काहे की घाटी?"

ते सगळ्यांनी ऐकलं. तिनं स्वतःही ऐकलं. म्हातारीचा हात हळूच तोंडावर गेला आणि ती होती तिथंच सतरंजीवर बसली. जिंकल्यासारखा चेहरा बाबांनी केला नाही, त्याबद्दल मी त्यांना अजून मानते. ऊर्मिलाबाई खाली बसल्या आणि आपला हळदीचा हात आजीच्या गुडघ्यावर ठेवला. "गाओ दादी. मैं जा रही हूँ न उनके घर. गाओ."

दादीनं नातीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, खूप वेळ. मग ढोलकीशिवायच सुरू केलं. गारीचे बोल, पण चाल आपोआप पाठवणीची लागली.

"हमाई बिटिया हो गई घाटी, घाट चढ़ के जाएगी,
मिर्ची कूटे, भाकर थापे, घाटी घाटी गाएगी..."

दुसऱ्या ओळीला तिचा आवाज फुटला आणि मागच्या बायकांनी तो उचलून धरला. कुणी रडतंय, कुणी हसतंय, आईनं तर पदरात तोंडच लपवलं. आत्या, जिला रांगड्यांच्या दारचं अन्न नको होतं, ती नाक ओढत मला म्हणाली, "मेली गाते बरी." दादा एका बुटावर उभा होता तो उभाच. आणि बायका लगेच त्याच्यावर घसरल्या, "एक पाँव का दूल्हा आया," म्हणून, तसा सगळा मांडव खो-खो हसत सुटला.

बाबा खाली बसले. त्यांच्यामागं सगळी पंगत बसली. त्यांनी शेजारची सतरंजी हातानं झटकली आणि म्हणाले, "ये गं घाटणी, बैस. सकाळपासून उपाशी असशील." नवरीनं अक्षता पडायच्या आधी सासऱ्याच्या पंगतीला बसायची रीत आमच्यात नव्हती आणि त्यांच्यातही नव्हती. भटजी काहीतरी म्हणायला गेले, आईनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. ऊर्मिलाबाई बसल्या. दादी उठली, मुलाच्या हातातली परात ओढून घेतली, आणि डोळे पुसायलाही न थांबता, गाता गाता, पहिली पुरी नातीच्या पानात वाढली आणि दुसरी बाबांच्या.